न सांगता केलेली मदत

काकूंच्या खात्याचं नाव वर कुणाच्या तोंडी नसे, आणि काकूंना त्याचाच केवढा अभिमान! मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेवर निर्जंतुक करायची आणि डब्यांत बंद करून वर पाठवायची, हे त्यांचं काम. वरून बोंब आली नाही म्हणजे दिवस चांगला गेला. हाताखालच्या बायका त्यांनी स्वतः तयार केलेल्या. कुणाला रडवून, कुणाला चहा पाजून.

मग चालकाशिवायच्या गाड्या आल्या. डबे घेऊन आपल्या आपण लिफ्टनं वर जायच्या. कुठला डबा कुठल्या गाडीनं जाईल हे एक प्रोग्रॅम ठरवायचा, आणि त्याच्याशी भिंतीवरच्या स्पीकरमधून बोलता यायचं. बायकांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. कारण जरा मनाविरुद्ध झालं की स्वारी रुसलीच! गाड्या भर बोळात ठप्प, वर डॉक्टर हातमोजे घालून ताटकळत. शेवटी अधीक्षकांनी बजावलं, "आणखी एकदा खोळंबा झाला तर हे काम बाहेरच्या कंपनीला देणार. तुमच्या बायका वेगवेगळ्या वॉर्डांत जातील."

काकूंनी आपल्या बायकांकडे एकवार पाहिलं. इतक्या वर्षांचं जमवलेलं घर असं उधळायचं?

काकूंनी गाड्यांच्या इंजिनिअरबाईला बोलावलं, आणि ती दिवसभर बायकांत स्टूल टाकून बसली. गाड्या थांबल्या तशी तिनं विचारलं, "काकू, मघाशी इथला डबा कुणी नेला?"

"मी. वर चाललेच होते. म्हटलं, तेवढीच गाडीची खेप वाचेल."

"आणि जावईबापू तो अजून शोधतोय. सगळ्या गाड्या थांबवून."

अहो, हीच तर काकूंनी बायकांना लावलेली सवय! हात रिकामा असला की शेजारणीचं काम उचलायचं, सांगत बसायचं नाही. शेजारीण बघत असते, तिला कळतं. पण याला कोण सांगणार?

"उद्यापासून डबा उचलताना मोठ्यानं सांगायचं," काकू म्हणाल्या.

खात्यातली सगळ्यांत तिखट जिभेची ती मिरची. ती उसळलीच. "म्हणजे आता मशीनची परवानगी घ्यायची?"

"परवानगी कसली गं? एकत्र काम करायचं तर सांगायला नको?" मग काकू इंजिनिअरबाईकडे वळल्या. "पण नियम दोघांना. हाही गुपचूप बेत बदलतो. अडला तर त्यानंही तोंड उघडायचं."

बाई हसली. "तेवढं शिकवते त्याला."

सुरुवातीला नुसता पोरखेळ. "डबा घेते हो जावईबापू!" की स्पीकरमधून "कळलं." मिरची तर मुद्दाम "शिंकते हो जावईबापू!" म्हणायची. पण गाड्या अडेनाशा झाल्या, हे मात्र खरं.

आणि एका सकाळी वर तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन चालू असताना आणखी दोन डबे मागवले गेले. नेमकी लिफ्ट बंद पडली! तेवढ्यात स्पीकर बोलला, "लिफ्ट बंद आहे. गाडी जिन्यापाशी आणली आहे. मला जिना चढता येत नाही. पहिला डबा कोण घेईल?"

"मी घेते!" मिरची ओरडली आणि धूम पळाली.

"कळलं. वरची गाडी जिन्याच्या तोंडाशी उभी करतो."

"पुढचा डबा माझा!" काकूंनी सांगितलं, आणि त्यांचे दुखरे गुडघे त्या दिवशी कुरकुरलेसुद्धा नाहीत.

दुपारी अधीक्षक खाली आले, सोबत ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई. काकू हातातलं काम टाकून पुढं झाल्या.

"लिफ्ट बंद होती म्हणे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आम्हाला वर पत्तासुद्धा नाही! बाळ छान आहे."

अधीक्षकांनी घसा खाकरला. "काकू, तुमची माणसं कुठंही जाणार नाहीत."

काकूंचा ऊर अभिमानानं भरून आला. इतक्या जणांसमोर रडायचं कसं? त्यांनी स्पीकरकडे बघून सांगितलं, "जावईबापू, मी जरा बाहेर जाऊन येते हो."

"कळलं, काकू. तोवर इथलं मी आणि मिरची बघतो."

सगळ्यांनी मिरचीकडे पाहिलं. तिनं पुढचा डबा ओढला आणि म्हणाली, "जा काकू, आम्ही आहोत."