मेंढीचा पाय

पलूसच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. रक्ताच्या नात्यासाठी जीव का तुटतो, हे उत्क्रांतीच्या धड्यात मुलांना रंगवून सांगते. गेल्या वर्षी तोच धडा माझ्या अंगावर आला.

माझ्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, माझ्याकडेच वाढला, सैन्यभरतीची तयारी करत होता. त्या सकाळी मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले होते. त्याचं लक्ष मोबाईलमध्ये. कडेनं गवताचा भारा घेऊन चाललेल्या म्हातारीला त्यानं उडवलं. तिच्या मांडीचं हाड मोडलं.

मी पोलिसांत जबाब देण्याआधी म्हसवडकडच्या आमच्या घरी भावकी जमली. म्हातारीच आडवी आली, एवढंच मी सांगावं, असं सगळ्यांचं म्हणणं. नाहीतर पोराची भरती बुडणार.

आमची भावकी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. थोरले चुलते म्हणाले, "आगं, मेंढीबी आपल्याच कोकराला पाजती. परक्याला ढुशी मारती. मेंढीला कळतंय ते तुला कळंना व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "आवं तात्या, मेंढी मारती ढुशी. पर माझी आई काय करायची? ज्याची मेंढी मेलीया असलं पोरकं कोकरू घेऊन ती वाघराच्या जाळीत बसायची, दुसऱ्या मेंढीचा पाय धरायची अन् त्याला पाजायची. मेंढी लय हिसडे द्यायची. आईनं कवा पाय सोडला न्हाई. तसलीच कोकरं जगवून तुमचा कळप वाढलाय."

"मग तू भावकीतनं बाहेर. जत्रंत मटणाचा वाटा तुझ्या घरी येणार न्हाई," भाऊ म्हणाला.

"नगं धाडू," मी म्हणाले आणि उठले.

खोटं बोलावंसं मला वाटलंच नाही, असं नाही. फार वाटलं. ह्या पोराला मी न्हाऊमाखू घातलंय. ती ओढ माझ्या हाडामांसात आहे, मेंढीच्याही आहे. पण त्या ओढीचा हुकूम मी का म्हणून ऐकू? त्या म्हातारीलाही कुणीतरी न्हाऊमाखू घातलं असेल.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊनच मी पोलीस चौकीत गेले. पायरीवर तो थबकला. "आत्ती, मी तुझा न्हाई का?"

"हायस. म्हणून तर संगं आलीया. चल, तूबी खरं सांग."

तो माघारी वळला. मी त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा दिला, पुन्हा दिला. मी सोडला नाही.