मुलीच्या संगणकाच्या प्रोसेसरबाबत

अर्जदार: मी, जुन्नरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा. सामनेवाले: माझे थोरले बंधू, ज्यांच्या संमतीवाचून आमच्या एकत्र घरात मोठी खरेदी होत नाही. साक्षीदार: माझी मुलगी आणि आळेफाट्याचे संगणक दुकानदार. घटनेचा दिनांक: गेली लग्नसराई सरल्यानंतरचा, बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस.

माझी मुलगी लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देते. हे काम ती माझ्या अर्ज टाइप करण्याच्या संगणकावर करीत असे. अर्जांसाठी तो संगणक उत्तम आहे, हे मी ठामपणे नमूद करतो. परंतु हळदीचे दृश्य लावले की चित्र अडे आणि आवाज पुढे निघून जाई. वारूळवाडीच्या एका वधूपित्याने तर विचारले, "ताई, पोरगी नांदाय गेली, बाळंतपणाला माघारी आली, तरी तुमचा व्हिडिओ येईना व्हय?" त्या दिवशी मुलगी म्हणाली, "असंच चाललं तर मी पुण्याला नोकरी धरते."

म्हणून आम्ही दुकानात गेलो. बंधू बाजारातून परस्पर तेथे आले. दुकानदारांनी दोन संगणक मांडले. पहिल्याच्या प्रोसेसरला कोअर, म्हणजे एकाच वेळी काम ओढणारे भाग, जास्त. दुसऱ्याला कमी, परंतु कॅमेऱ्याचा व्हिडिओ उलगडण्याची सोय प्रोसेसरातच होती.

बंधू म्हणाले, "जुंपून दाखवा, राव. बैल बी आमी जुंपल्याबिगर घेत न्हाई."

"चाचा, हे काय जनावर आहे?" दुकानदारांनी विचारले.

"नसंना. लाथ तरी मारणार न्हाई."

मुलीने आपलाच व्हिडिओ दोन्हींवर लावला. पहिल्यावर चित्र अडखळले. दुसऱ्यावर प्रत्येक काप विनासायास झाला. मात्र तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढताना पहिलाच आधी मोकळा झाला.

"झालं! पयलाच लई ताकदीचा," बंधू म्हणाले.

मुलगी त्यांना म्हणाली, "आबा, बाहेर काढायचं शेवटी एकदा. तेव्हा मी लावून देईन आन् भाकरी थापीन. कापत तर दिवसभर बसायचंय."

बंधू "बघू" म्हणून उठले. ते अद्याप बघत आहेत.

दोन्ही बाजू ऐकून घेणे हा माझा व्यवसायच असल्याने मी शांतपणे विचार केला आणि मुलीचे म्हणणे ग्राह्य धरले. लग्नसराई पुन्हा तोंडावर आली असून तिने नोकरीसाठी फोन करणे सुरू केले आहे. तिने घर सोडावे असे मला वाटत नाही. बंधूंनाही वाटत नसावे.

तरी त्यांनी दुसऱ्या संगणकास संमती द्यावी. नकार असल्यास तो मजकडे न देता, मुलीला समोर बसवून, कारणासह सांगावा, ही नम्र विनंती.