सही आप्पांची

"मेंढीबी कोकराला हुंगल्याबिगर पाजत न्हाई," असं म्हणून आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे. मग आपण ओळखायचं, की आपल्या कोडमध्ये काहीतरी खोट सापडली आहे.

रांजणगावच्या आमच्या कारखान्यात ते नेटवर्क सांभाळायचे. दौंडकडचे, मेंढपाळांच्या घरातले. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, सगळ्यांना कटकट वाटणारा. चहावाला बदलला तरी "कुणाचा रं तू?" विचारून मगच आप्पा कप उचलायचे. आमचा बाहेर जाणारा सगळा डेटा प्रॉक्सीतून, म्हणजे एका मधल्या संगणकातून जायचा. पलीकडच्या यंत्राचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासल्याशिवाय त्याला काही द्यायचं नाही, हा आप्पांचा नियम. मलाही तो त्यांनीच शिकवला.

ग्राहकाला यंत्रभागांची ड्रॉइंग पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला. प्रॉक्सीतून जाताना प्रमाणपत्र काही जुळेना. नीट करायला दोन दिवस लागले असते आणि साहेब तर डोक्यावर बसलेले. मी एका ओळीत तपासणीच बंद करून टाकली. प्रोग्राम सुरळीत पळाला.

"तपासणी चालू हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हो आप्पा."

"तू म्हंतोस म्हंजी झालं." कोड न उघडताच त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

चार महिन्यांनी कळलं, की मधल्यामध्ये कुणीतरी ग्राहकाचं सोंग घेऊन आमची ड्रॉइंग उचलत होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं.

"आप्पांची सही आहे," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "व्हय, सही माझीच हाय," एवढंच म्हणाले. माझ्या त्या 'हो आप्पा'चा उच्चारही केला नाही. नोकरी त्यांची गेली, माझी राहिली. त्यांची रिकामी खुर्ची रोज समोर दिसते आणि मला स्वतःची लाज वाटते.

महिन्याभराने ते आपले कागद न्यायला आले. गेटवर नवा वॉचमन होता. कार्ड नाही, तर आतल्या माणसाने ओळख पटवून रजिस्टरवर सही करायची. आप्पांनी माझंच नाव सांगितलं होतं. मी खाली गेलो, घाईघाईने पेन उचललं.

"आसं न बघता सही करू न्हाई रं," आप्पा हळूच म्हणाले. "मीच हाय का, बघ तर वर."

मी सही केली. वर बघणं काही जमलं नाही.