राजाची गावाकडची उडी

मस्कतच्या बौशर भागात आमचं शुक्रवारचं बुद्धिबळ मंडळ आहे. आठ-दहा मराठी टाळकी, दोन पट, चहाचा एक थर्मास. डाव संपतात, किस्से साठत जातात. मिलानसर आल्यापासून तर विचारूच नका!

मिलानसर म्हणजे सर्बियाचे ग्रँडमास्टर. एके काळी देशाचे चॅम्पियन, आता मस्कतमध्ये मुलांना शिकवतात. आमच्या मंडळातल्या राजापूरच्या कासिमभाईंनी पहिल्याच भेटीत त्यांना यशाचं गुपित विचारलं.

सर म्हणाले, "आजोबांनी शिकवलं. हरेल त्याने भांडी घासायची, हा घरचा नियम. मला भांड्यांचा भयंकर कंटाळा!"

*

मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका दुकानात पटावर राजा-वजिराची अदलाबदल झाली होती. सरांना राहवेना. त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली आणि नेमकं दुकानदाराने त्यांना ओळखलं! आता तो पट विकायलाच तयार नाही. वर पाटी लावलीय, 'ग्रँडमास्टरने मांडलेला. हात लावू नये.'

*

इब्रीला जाताना पेट्रोल पंपावरच्या माणसाने सरांना पाहून खिशातला छोटा पट काढला. सर खेळायला लागले! मागे हॉर्नवर हॉर्न. "यल्ला, यल्ला!" करत एक ओमानी ट्रकवाला तावातावाने उतरला, पटात डोकावला, आणि त्याने मागच्या गाड्यांनाच हाताने गप्प केलं.

*

आमच्या पोरांचं मराठी अडखळतं. सरांनी मात्र आमच्याकडून दोन शब्द अचूक उचलले, "विचार कर!" घाईत सोंगटी उचलली की हेच. आता माझी लेक मलाही सर्बियन हेल काढून सुनावते, "विच्चार कर्र, बाबा!" बायको हे अभिमानाने गावभर सांगते.

*

आणि आमचे साळवी. गुहागरचे, एसी मेकॅनिक. गावी आता अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी, आप्पांनी, त्यांना देशी बुद्धिबळ शिकवलेलं. त्यात शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. सर एकाच वेळी वीस जणांशी खेळणार होते, त्यात साळवींचा नंबर लागला. त्यांची एकच इच्छा होती, आप्पांना अभिमान वाटेल असा डाव व्हावा. महिनाभर आम्ही त्यांच्याकडून आंतरराष्ट्रीय नियम घोटून घेतले.

आणि ऐन डावात साळवींच्या राजाने उडी मारली!

पंच धावले. साळवी घामाघूम. "सॉरी सर, आप्पांनी असंच शिकवलंय."

कासिमभाईंनी सरांना हा देशी नियम समजावला. सरांनी पंचांना हाताने थांबवलं. "म्हणजे माझीही एक उडी शिल्लक आहे." आणि ग्रँडमास्टरच्या राजाने उडी मारली!

साळवी हरले, पण सगळ्यात शेवटी. सरांनी उभं राहून हात मिळवला आणि म्हणाले, "आप्पांना फोन लावा."

व्हिडिओवर साळवींनी पट दाखवला, चाली सांगितल्या. आप्पांनी एकेक चाल पुन्हा सांगायला लावली. मग खोल आवाजात म्हणाले, "सायबानं घाई केलीन. उडी राखून ठेवायची असते!"

कासिमभाईंनी चाचरत भाषांतर केलं. सर पुन्हा खुर्चीत बसले. सोंगट्या मागे नेल्या, पुढे आणल्या. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाले,

"विच्चार कर्र, मिलान!"