चुलबंद आवतन

आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव चुलबंद. हे नाव कसं पडलं ते कोणी नीट सांगत नाही, पण जेवणाच्या आमंत्रणालाही आमच्याकडे हाच शब्द आहे. चुलबंद आवतन म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना बोलावणं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. समाजात लग्न असलं की अख्ख्या मोहल्ल्यातून धूर निघत नाही, आणि कोणाकडून निघालाच तर समजावं, या घराला बोलावलेलं नाही.

सखाबाईच्या घरून असा धूर निघायला लागला त्याला बरीच वर्षं झाली. माझं शिलाईचं दुकान तिच्या दारासमोर आहे, त्यामुळे पाहायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. आणि पाहायचं नाही असं मी कधी म्हटलेलंही नाही.

ती मासेमारांच्या समाजातली. नवरा धनीराम तलावावर जाळं ओढायचा, सखाबाई टोपली डोक्यावर घेऊन सानगडीच्या बाजारात मासे विकायची. पोटी मूल नव्हतं. पण जाऊ चंद्रकांता बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची तान्ही डिंपल सखाबाईनं उचलून घरी आणली. ती पोरगी शाळेत जायला लागेपर्यंत इथंच वाढली. पुढे धनीरामच्या किडन्या गेल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो पडून होता आणि गावातून भेटायला जाणारे हळूहळू आटले. तिथली एक नर्सबाई मात्र ड्युटी संपली की हिच्याजवळ बसायची, येशूचं नाव घेऊन प्रार्थना करायची. धनीराम गेला. तेरवी झाल्यावर सखाबाईनं घरच्यांना सांगून टाकलं, आता मी ख्रिस्ताची.

तो बरा झाला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. नवस फळला, देव बदलला, एवढं कोणाच्याही डोक्यात शिरतं. पण माणूस मेल्यावरही त्याच देवाला धरून बसायचं, हे कोणाच्या गळी उतरेना. माझ्याही नाही. असा काय फायदा झाला तुझा, असं मी तिला तोंडावर विचारलं. शिंप्याला इकडे मास्तर म्हणतात. ती म्हणाली, "फायदा नाही झाला, मास्तर. पण त्या खाटेजवळ मी एकटी नव्हती. इतकंच मले मालूम आहे." मी मशीन चालू केली.

समाजाची बैठक बसली. समाजाचे म्होरके भय्याजी. त्यांनी निकाल दिला: तलावातला तिचा वाटा बंद, आवतन बंद, तिच्या घरी जाणं-येणं बंद. पैसे घेऊन धर्म बदलला असंही कोणी बोललं. बोलणाऱ्यानं एकदा तिच्या छपरावरची फुटकी कवेलू पाहायला हवी होती. ती भांडली नाही. नदी काही समाजाच्या मालकीची नव्हे, म्हणून नदीत झिंगे धरू लागली, वाळवून विकू लागली. रविवारी एसटीनं लाखांदूरला जायची. तिथं एका घरी चार-पाच माणसं प्रार्थनेला जमत. बस आली नाही तर दार लोटून एकटीच गायची. आवाज काही गोड नाही तिचा. गाणं अर्ध्यावर सोडायची आणि मग बराच वेळ आतून काहीच ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ माझं कामात लक्ष लागत नसे.

देव भेटला म्हणून तिला माणसं नको झाली, असं कोणी समजू नये. नळावर ती आली की बायका गप्प होत. चंद्रकांताही मान खाली घालून बाजूला सरके. "दिवस दिवस माझं नाव कोणी घेत नाही जी," असं ती एकदा सांगत होती, तेव्हा मी जरा खोचकपणे विचारलं, तुझा देव घेत नाही का?

"थो बोलत नाही. मीच बोलून राहते. कधी कधी वाटते, भिंतीशीच बोलून राहिली. तरी बोलते."

मग डिंपलचं लग्न ठरलं. मुलगा तुमसरचा, राइस मिलमध्ये कामाला. सखाबाईनं मला काही म्हटलं नाही, पण ती दिवसातून दहादा दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे पाहायची. आलेही एक दिवस, खुद्द भय्याजी. दारातच उभे राहून बोलले. कुळाच्या देवापुढे नारळ फोड, हळदकुंकू वाहा, झालं गेलं विसरू. चुलबंद आवतन घेऊन मी स्वतः येतो, म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांनाही ती पोरगी सखाबाईच्या कडेवर पाहिलेली आठवत असणार.

सखाबाईनं उद्यापर्यंतचा वेळ मागून घेतला. मी लगेच शहाणपण शिकवायला गेलो. नारळच तर फोडायचा आहे, मनात तुझा येशू ठेव, कोणाला काय कळतं. मी इतक्या वर्षांत तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

"डिंपलच्या मांडवात खोटं तोंड घेऊन कशी जाऊ, मास्तर?"

दुसऱ्या दिवशी तिनं भय्याजींना हात जोडून नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर उंबरठ्यावर बसून रडली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. मला तिची दया आली आणि रागही आला. इतका कसला हट्ट, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून बॅन्ड वाजत होता. मोहल्ल्यात कुठंच धूर नव्हता. सवयीनं समोर पाहिलं तर सखाबाईकडेही नव्हता. बाहेरगावी गेली असेल म्हणून दारातून डोकावलो. ती आत होती. चूल सारवून कोरडी ठेवलेली आणि चुलीजवळ ती ठेवणीतलं लुगडं नेसून डोळे मिटून बसलेली. ओठ हलत होते. डिंपलचं नाव कानावर आलं, जावयाचं आलं, दीर खेमराजचं, चंद्रकांताचं आणि भय्याजींचंसुद्धा. खाल्लं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. संध्याकाळी नवरीची गाडी आमच्याच गल्लीतून गेली. ती दाराआडून पाहत होती. गाडी थांबली नाही.

आता चूल न पेटण्याचा आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे. मयत झालेल्या घरीही त्या दिवशी चूल पेटत नाही. कोणाच्या तरी डोक्यात ते आलं आणि तोंडोतोंडी झालं, की सखाबाईनं ऐन लग्नात सुतक पाळलं, पोरीला अपशकुन केला. पुन्हा बैठक बसली. मी त्या समाजाचा नाही, पण समाजमंदिराच्या कडेला जाऊन उभा राहिलो. भय्याजींनी विचारलं, "सखाबाई, कोण मेलं तुझ्या घरी?"

"कोणी नाही मेलं, भय्याजी," ती म्हणाली. "माझ्या घरी लगन होतं."

मग ती पुढे बोलली. "त्या दिवशी चूल पेटवली असती, त मी परकी झाली असती. आवतन द्या का नका देऊ, थो तुमचा हक. पण चूल माझी आहे. समाजात कोणाच्याही घरी लगन असो, माझी चूल पेटणार नाही. मी आली असंच समजा."

बायकांमध्ये बसलेल्या चंद्रकांतानं पदर तोंडावर धरला. आधी ठरलं तेच राहील, एवढं म्हणून भय्याजी उठले. सखाबाई आली तशी एकटी घरी गेली.

उन्हाळ्यात भय्याजींच्या नातवाचं लग्न निघालं. चंद्रकांताच्या घरी चुलबंद आवतन होतंच, सखाबाईला नव्हतं. दुपारी सगळा मोहल्ला मांडवाकडे गेला आणि सखाबाई बोलल्याप्रमाणे थंड चुलीपाशी बसली. मी दुकान बंद करायला बाहेर आलो, तर गल्लीच्या टोकाला धूर दिसला. नीट पाहिलं आणि तिला हाक मारली. खेमराज मघाशीच एकटा मांडवाकडे जाताना दिसला होता, आणि धूर चंद्रकांताच्या घरून निघत होता.

सखाबाई बाहेर आली. विश्वास बसेना म्हणून डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. मग ती आत गेली, काड्या मोडल्या आणि माचिस शोधू लागली. आज तर तुझी चूल बंद ना, मी म्हटलं.

"एकटी काहून जेवल चंद्रकांता, मास्तर," ती म्हणाली, आणि चूल फुंकायला वाकली.