दुसऱ्या गियरचा आवाज

माझ्या लग्नात वडिलांनी गाडी दिली. सोनं बेताचं होतं, भांडी आईच्याच लग्नातली कल्हई करून दिलेली होती, पण मांडवाच्या दारात गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ होती. येणारा जाणारा आधी गाडी बघायचा, मग मला.

गाडी नवी नव्हती. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा पुष्कळ सरदारांनी आपापले मोटारखाने रिकामे केले, त्यातल्याच एकाकडून बाबांनी ती विलायती गाडी घेतली होती. बाबा दरबारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. मध्य भारताचं नवं सरकार आलं आणि त्यांना वेळेआधी घरी बसवलं. खासगी बाजारातल्या आमच्या घरी सकाळी बैठकीत माणसं यायची ती हळूहळू येईनाशी झाली. बाबा मात्र कोट-टोपी घालून वेळेवर बैठकीत येऊन बसत. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरकडून एकच मागणी आली होती: गाडी. बाबा लगेच हो म्हणाले. नाही म्हणणं त्यांना जमलंच नसतं.

सासर इंदरगंजला. मामंजी संस्थानच्या फौजेत मोटारलॉऱ्यांच्या तुकडीवर सुभेदार होते. उंच, कोरड्या अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. संस्थानची फौज मोडली, त्यातले थोडे हिंदुस्थानच्या फौजेत घेतले गेले, बाकीच्यांचं काय करायचं ते ठरायचं होतं. मामंजी त्या ठरण्याची वाट बघत होते. रोज बूट पॉलिश करून ठेवत आणि रोज घरीच राहत. सासूबाई मऊ होत्या, पण मामंजींसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आणि आमचे हे अकाउंट्स ऑफिसात कारकून, वडिलांपुढे कायम मान खाली घालणारे.

वरात फूलबागेवरून वळसा घालून इंदरगंजला आली. गाडी हेच चालवत होते. मी मागे बसले होते. मला आठवतं ते इतकंच की गाडीचा आवाज अजिबात नव्हता. लोण्यातून जावी तशी चालली होती.

पुढे काही आठवड्यांनी ती घुमायला लागली. आधी बारीक, मग जात्यासारखी. गियर बदलताना घासल्याचा आवाज येई आणि दुसऱ्या गियरला तर शेजारचे खिडकीत येऊन बघत. मामंजी काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी गाडीत बसून एक फेरी मारत, परत येत, हात धूत आणि जेवायला बसत. मी वाढत असताना माझ्याकडे बघत, एवढंच.

मग एका दुपारी मामंजी फौजेच्या कचेरीतून आले. फौजेतल्या जागेचा निकाल लागला होता. त्यांना घेतलं नव्हतं. त्यांच्यापेक्षा लहान, त्यांच्या हाताखाली लॉरी शिकलेल्या माणसाला घेतलं होतं. हे मला सासूबाईंनी स्वयंपाकघरात कानात सांगितलं आणि म्हणाल्या, “दोन दिवस त्यांच्या समोर जाऊ नकोस.”

पण रविवारी त्यांनीच मला बोलावलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. चुलत सासरे, त्यांची मुलं, शेजारचे वकील, समोरच्या घरातल्या दोघी बायका, सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. मधोमध गाडी. मामंजींनी दार उघडलं आणि म्हणाले, “सूनबाई, बसा. पुढे. स्टिअरिंगवर.”

मी यांच्याकडे बघितलं. हे गाडीच्या टायरकडे बघत होते.

“तुमच्या माहेरची गाडी आहे. तिला काय होतंय ते तुम्हीच सांगा. मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या.”

मी पदर सावरून बसले. त्यांनी इंजिन सुरू केलं, गियर मोकळा ठेवला. गाडी जागच्या जागी घुमू लागली.

“काय ऐकू येतं?”

“आवाज येतोय.”

“कसला?”

“जात्यासारखा.”

“शाबास. आता डाव्या पायाखाली क्लच आहे. दाबा.”

मी दाबला. आवाज थांबला.

“सोडा.”

परत सुरू झाला.

“दाबा. सोडा. दाबा. सुनो सब लोग. सोडा.”

माझा पाय भरून आला तरी ते थांबले नाहीत. कवायत घेतात तसं चाललं होतं. चुलत सासऱ्यांची मुलं हसत होती. वकिलांनी कप खाली ठेवला आणि परत उचलला. मामंजी लोकांना समजावत होते, अगदी शांतपणे, मास्तरांसारखे. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं आणि गियरबॉक्स थांबतो. आवाजही थांबतो, म्हणजे दुखणं इंजिनात नाही, गियरबॉक्सात आहे. क्लचचं बेअरिंग गेलं असतं तर दाबल्यावर ओरडलं असतं.

मग मला मागे बसवून ते आणि हे गाडी फूलबागेपर्यंत घेऊन गेले. पहिला गियर, दुसरा गियर: गाडी रडत होती. तिसऱ्याला गप्प झाली. मामंजी मान न वळवता म्हणाले, “ऐकलंत? वरच्या गियरला जोर सरळ मागे जातो, गियरबॉक्समधल्या खालच्या दांड्यावर भार येत नाही. भार आला की ती बोलते.” उतारावर त्यांनी यांना गियर मोकळा करून क्लच दाबायला लावून गाडी नुसती घरंगळू दिली. तेव्हाही शांत. म्हणजे मागच्या चाकांचा, डिफरन्शियलचा दोष नाही. “खालच्या दांड्याची बेअरिंगं गेलीत,” ते म्हणाले. “जुन्या गाडीत जातात. त्यात काही पाप नाही.”

मला वाटलं, सुटले.

परत आल्यावर त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, “पण असं बेअरिंग महिन्याभरात जात नाही. वर्षं लागतात. मग लग्नाच्या दिवशी ही गप्प कशी होती?”

त्यांनी मला घमेलं आणायला सांगितलं. हौदाजवळचं, चुना कालवायचं. मला गाडीशेजारी जमिनीवर बसवून ते घमेलं धरायला लावलं आणि स्वतः खाली सरकून गियरबॉक्सचं तेल काढायचं बूच सोडवलं.

तेल यायला हवं होतं. आला तो काळा लगदा, थबकत थबकत, शिळ्या पिठल्यासारखा. माझ्या हातांवर उडाला, साडीवर उडाला. मामंजींनी त्यातला थोडा बोटांवर घेतला, चोळला, धोतराच्या सोग्याला नाही, माझ्या पदराला पुसला. मग बोटांना चिकटून राहिलेलं सगळ्यांपुढे धरलं. त्यात लाकडाचे बारीक कण होते.

“बुरादा,” ते म्हणाले. “लाकडाचा भुसा. जाड तेलात भुसा कालवून भरला की मोडका गियरबॉक्स थोडे दिवस गप्प बसतो. बाजारात गाडी विकणारे चोर हे करतात.” ते माझ्याकडे वळले. “सूनबाई, लग्नाआधी तुमच्याकडे सुतार बसला होता?”

आमच्या अंगणात सुतार बसला होता. माझं कपाट, पाट, चौरंग तिथेच झाले. आई रोज संध्याकाळी भुसा झाडून गोणीत भरायची, बंबात घालायला. एके दिवशी ती गोणी बाबांनी स्वतः उचलून गॅरेजकडे नेली होती. बाबांनी हातात काही उचललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं होतं.

“बसला होता,” मी म्हटलं.

समोरच्या घरातली बाई हळूच “अगं बाई” म्हणाली. मामंजी हसले. लग्नानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

तो लगदा त्यांनी पितळी डब्यात भरायला लावला. लग्नात ज्या डब्यातून माझ्या माहेरचे लाडू आले होते, त्याच डब्यात. वरून फडकं बांधलं. मग मला म्हणाले, “लग्नातला शालू नेसा. जावई आणि मुलगी माहेरी जातायत, साजरं दिसलं पाहिजे. वडिलांना सांगा, आहेर पोचला.”

मी शालू नेसले. कोणी विचारतं, का नेसलात? नेसले, कारण त्या घरात ते सांगतील ते होत असे, आणि सासूबाई निऱ्या धरून उभ्या होत्या. मामंजींनी खालून बूच बसवलं, साधं तेल ओतलं आणि यांना बजावलं, “दुसऱ्या गियरच्या वर जायचं नाही.”

तशी ती गाडी इंदरगंजातून खासगी बाजारात गेली. दुकानदार दुकानाबाहेर आले. मांडीवर डबा धरून मी बसले होते आणि गाडी सबंध बाजारभर किंचाळत होती. मी यांना म्हटलं, “एकदा तरी वरचा गियर टाका ना.” हे म्हणाले, “आमच्या बाबांना कळेल.”

बाबा बैठकीत होते. नेमके त्या दिवशी जुन्या कचेरीतले दोघं-तिघं आले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं होतं तेवढंच बोलले. त्यांनी फडकं सोडलं, आत बघितलं, परत बांधलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जावयाला म्हणाले, “जुनी गाडी आहे, जावईबापू, मिस्त्रीला दाखवून घ्या.” पाहुण्यांना म्हणाले, “मुलीच्या घरचं लोणचं आहे.” मग मला आत यायची खूण केली.

माजघरात आई कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. बाबांनी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि फडताळात ठेवला.

“त्यांना सुताराचं कोणी सांगितलं?”

“त्यांनी विचारलं. मी बसला होता म्हटलं.”

“एवढं इंग्रजी शाळेत घातलं तुला,” ते म्हणाले, “आणि नाही हा एक शब्द तुला बोलता आला नाही.”

“बाबा, तुम्ही भुसा घातला होतात.”

“तुझं लग्न व्हावं म्हणून घातला. मला वाटलं होतं, तू त्या घरात नीट वागलीस, तर गाडीचा आवाज कोणी ऐकणार नाही.” ते दाराकडे वळले आणि आईला म्हणाले, “हिची ओटी भरायची नाही. पुन्हा बोलवायचंही नाही.”

आईनं ओटी भरली नाही. मी आले त्या वाटेनं, त्याच आवाजात परत गेले.

मामंजींनी पुढच्याच आठवड्यात मिस्त्रीला हाताशी घेऊन गियरबॉक्स खोलला, बेअरिंगं बदलली. गाडी नीट झाली. त्यानंतर कोणी पाहुणा गाडीत बसला की दुसरा गियर टाकताना ते म्हणायचे, “ऐका. आता बोलत नाही. लग्नातही बोलत नव्हती.” आणि मागे मी असले की आरशातून बघायचे. हे कितीतरी वर्षं चाललं. बाबांनी शब्द पाळला. माहेराहून ना दिवाळीला बोलावणं आलं, ना माझ्या पहिल्या बाळंतपणाला. आई देवळात भेटायची, दोन मिनिटं, रडून घ्यायची आणि घाईनं निघून जायची.

मग राज्यं पुन्हा मोडली, नवी झाली. मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या खोकी बांधून निघाल्या. यांचीही बदली झाली. मामंजींनी ठरवलं की मी आणि मुलगा ग्वाल्हेरलाच राहायचं. हे एकटे गेले. पुढच्या उन्हाळ्यात परत आले ते पोट बिघडवून, वाळून. खानावळीचं जेवण सोसत नव्हतं. तेवढ्यासाठी मला नेलं. मला कारणाशी देणं-घेणं नव्हतं. मी ट्रंक भरली.

आगगाडीनं झाशी सोडली तेव्हा मुलगा झोपला होता. मी यांना विचारलं, “त्या रविवारच्या आधी तुम्हाला गियरबॉक्सचं काही कळलं नव्हतं?”

यांनी मुलाच्या अंगावरची चादर सारखी केली.

“वरातीतच कळलं होतं. गियर चिखलात रुतल्यासारखा पडत होता. साध्या तेलात असा पडत नाही. घरी आल्यावर आमच्या बाबांना सांगितलं.”

“मग?”

“ते खाली वाकले, वास घेतला आणि म्हणाले, भुसा आहे. राहू दे. कोणाला बोलू नकोस.”

म्हणजे ते सगळं, दाबा-सोडा, फूलबागेची फेरी, डिफरन्शियलची तपासणी, उत्तर आधीच माहीत असताना झालं होतं. आणि ज्या माणसाबरोबर मी रोज जेवत होते त्यालाही माहीत होतं. मी यांना आणखी काही विचारलं नाही. त्या प्रवासात नाही आणि नंतरही नाही. आमचा संसार झाला, नीट झाला असंच लोक म्हणतील.

बाबा आम्ही भोपाळला असतानाच गेले. मी दहाव्याला पोचले. आईनं मला जवळ बसवून घेतलं, कोणी आडवं आलं नाही.

मामंजी शेवटी आमच्याकडेच आले. अंगाची एक बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. त्यांचं सगळं मीच करत होते. एकदा नखं कापताना मी म्हटलं, “मामंजी, तुम्हाला लग्नाच्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाच का नाही बोललात? गाडी परत करायची, लग्न मोडायचं, काहीही करता आलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

“गोळी हातात आली म्हणून लगेच झाडत नाहीत,” ते म्हणाले. “राखून ठेवतात.”

“कोणासाठी? बाबांसाठी?”

“तेव्हा ठरलं नव्हतं.” मग त्यांनी चांगला हात पुढे केला. “हा राहिलाय.”

मी त्या हाताची नखं कापली.