म्हातारबांचं दूध

सितुमा गुरुजी आमच्या शाळेत गणित शिकवायचे, पण स्वतःचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. शेजारच्या वर्गावरची शिक्षिका मी, नांजाला. मला त्यांची कीव यायची आणि त्याहून जास्त राग.

सोबतच्या खाएंबा मास्तराला कॅनडाला जायचं होतं. तिकिटासाठी त्याने बँकेचं कर्ज काढलं, जामीन राहिले गुरुजी. काही महिने हप्ते आले, मग खाएंबाचा फोनच लागेना. बँक थोडीच कॅनडात शोधत बसणार? तिने सरळ गुरुजींच्या पगारात हात घातला. दोन वर्षं पगार असा कापला गेला. आता महिनाअखेर फी भरली नाही, तर त्यांच्या मुलीची, नाब्विलेची, नर्सिंग कॉलेजातली जागा जाणार होती.

खाएंबाचे वडील मात्र रोज सकाळी किटलीभर दूध घेऊन गुरुजींच्या दारात हजर. "व्याज आणलंय," म्हणायचे. गुरुजी नको म्हणाले की किटली उंबऱ्याशी ठेवून चालू लागायचे.

ते म्हातारबा गेले. खाएंबा आला; थोरल्या मुलाला न येऊन भागतं कुठे! पुरल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे घरच्यांनी डोकी भादरली आणि अंगणात बैठक बसली. गेलेल्या माणसाचं देणं-घेणं तिथेच सांगायचं. तिथे गप्प राहिला तो कायमचा गप्प.

"आज बोलाच," मी गुरुजींना कोपराने ढोसलं.

"कर्ज म्हातारबांचं नाही, नांजालाबाई."

"मग बसा तसेच! आणि पोरीला बाजारात शेंगदाणे विकायला बसवा!"

बैठकीतल्या थोरल्या काकांनी विचारलं, "म्हातारबांकडे कुणाचं येणं आहे?" एकीने कोंबडीचे पैसे सांगितले, बायका हसल्या. "आणि म्हातारबांचं कुणाकडे?"

गुरुजी उभे राहिले. "माझ्याकडे. दोन वर्षांचं दूध."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"दूध कशापायी देत होता तो?" काकांनी विचारलं. गुरुजी खाली बसले. चटईवरून म्हातारबांची बायकोच बोलली, "लेकाचं व्याज म्हणून. आम्ही कोरा चहा प्यायलो, पण किटली चुकली नाही."

खाएंबा उठला. तासलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता. "काका, ते बँकेचं कर्ज माझ्या नावावर सांगा."

"इथे मेलेल्यांचीच देणी सांगतात, पोरा."

"फोन बंद केला तेव्हा मी कुठे जिवंत होतो? तिकडे काम सुटलं, लाज वाटली. पुढे काम मिळालं, पण तोवर तोंड लपवायची सवय झाली होती."

त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मी तयारीत होते, पण मलाच रडू फुटलं.

सोमवारी दोघं मिळून बँकेत गेले. त्या महिन्याचा हप्ता खाएंबाने भरला, पुढचे हप्ते आपल्या खात्यातून लावून घेतले, गुरुजींचे कापलेले पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं आणि पहिल्या टप्प्यात नाब्विलेची फी भागली.

मंगळवारी सकाळी मी पोरीला निरोप द्यायला गेले, तर दारात खाएंबा, हातात वडिलांची किटली. गुरुजींनी ती घेतली, दूध भांड्यात ओतलं आणि खिशात हात घातला.

"किती झाले?" त्यांनी विचारलं. "आजपासून दूध विकत."